पेठेतली पांढरी रेघ

खानदेशात जायचं मनात असेल तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. वाढणाऱ्याला "तिखट थोडं चालेल" असं म्हणू नका. त्यांचं थोडं आणि आपलं थोडं यांत फार अंतर आहे. आणि रस्त्यात कुठेही सरळ, सुबक, पांढरी रेघ ओढू नका. पहिल्या चुकीने माझी जीभ दोन दिवस कामातून गेली. दुसरीने एका मुलीचं शिक्षण थांबायची वेळ आली होती, आणि ती रेघ ओढणारी बाई मीच.

मी कोकणातल्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. वय बेचाळीस, वजन विचारू नये. माझी मैत्रीण सिंधू पुण्याला ट्रेनिंगला माझ्या शेजारच्या खाटेवर होती, पुढे लग्न होऊन खानदेशात गेली आणि तेव्हापासून मला बोलावते आहे. यंदा तिने लिहिलं, "स्वराज्य आलं, सरकारी मोटारी आल्या, आमच्या पेठेत आता रोज चार वेळा बस येते. तुला यायला काय धाड भरली आहे?" एवढं ऐकून घेतल्यावर माघात रजा काढली आणि निघाले. सिंधूचं गाव पारोळा आणि धुळे यांच्या मध्ये आहे. नाव सांगत नाही. सिंधूचे यजमान, नाना, तिथल्या म्युनिसिपालटीचे मेंबर आहेत आणि "मास्तरीणबाई, काय हवं ते लिहा, पण गावाचं नाव गाळा" असं त्यांनी मला हात जोडून सांगितलं आहे.

जळगाव

गाडीचा प्रवास सांगण्यासारखा नव्हता. जळगावला सिंधूच्या भावाकडे एक दिवस राहिले. संध्याकाळी मंडळी मला मेहरूणच्या तळ्यावर घेऊन गेली. तळं पाहावं म्हणून नेलं होतं, पण वाटेत बोरांच्या टोपल्या दिसल्या आणि तळं राहिलं बाजूला. बोर एवढं गोड असतं हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडची बोरं खाल्ली की तोंड वाकडं होतं. मी इतकी खाल्ली की घरी येईपर्यंत आवाज बसला.

रात्रीच्या जेवणाला भरीत होतं. आमच्या मुठीएवढ्या वांग्यांवर वाढलेल्या माणसाने ती वांगी पाहिली तर त्याला दुधी वाटेल. हिरवी, लांबट, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलेली, मग सोलून हिरव्या मिरचीबरोबर ठेचलेली. इथेच मी "तिखट थोडं चालेल" म्हणाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि सिंधूची वहिनी कौतुकाने म्हणते कशी, "ताईंना फार आवडलेलं दिसतं!" आणि आणखी एक डाव माझ्या ताटात पडला.

मंगळवार, बाजाराचा दिवस

दुसऱ्या दिवशी बस धरली. पारोळ्यापर्यंत काय छान आली! दोन्हीकडे कपाशी, वेचणाऱ्या बायका, मध्येच केळीचा मळा. मी खिडकीशी, मांडीवर जळगावच्या केळ्यांची फणी, मनात गाणं. सिंधूच्या गावाची वेस दिसली तेव्हा मी पदर नीट करून उतरायच्या तयारीने बसले. तशीच पाऊण तास बसून राहिले.

पेठ चांगली रुंद आहे, आमच्या गावातल्या तीन पाखाड्या शेजारीशेजारी मावतील एवढी. पण त्या दिवशी तिच्यात दोन्ही अंगांना बैलगाड्या सोडलेल्या होत्या. सरकीच्या, कपाशीच्या, ज्वारीच्या, बायकामुलांच्या. बैल सोडून चाकाशी बांधलेले, पुढ्यात कडबा, गाडीखाली धनी आडवा झालेला. मध्ये जी वाट उरली होती तिच्यातून बकरी गेली असती, बस नव्हे. ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला आणि शेवटी विडी ओढत बसला.

एवढ्यात माझ्या खिडकीतून एक भलं मोठं पांढरं तोंड आत आलं आणि मांडीवरची दोन केळी सालासकट घेऊन गेलं. मी किंचाळले. सगळी बस हसली. बैलाच्या पाठीमागून पांढऱ्या मिशांचे, लाल पागोट्याचे एक उंच म्हातारे पुढे आले.

"खाऊ द्या, बाई," ते म्हणाले, "केयी त्यानीच वाहेल शेत. आनि तुम्हीन खाले उतरा. पायी गयात ते लवकर पोचशात. मोटार काय आते हालत नही."

तिकडे खेड्यात ळचा य होतो, म्हणून केळी ती केयी आणि धुळे ते धुये; आणि आहे ते शे, आहेत ते शेत. मी रागाने म्हटलं, "मोटार हलत नाही ती तुमच्या गाडीमुळे! गाडी बाजूला घ्या की!"

म्हाताऱ्यांनी वरच्या निंबाकडे बोट केलं. "मना बाप याच निंबखाले गाडी सोडे. मी बी आठेच सोडस. मोटार काल उनी."

उनी म्हणजे आली. मी पिशवी काखेत मारून पायी सिंधूचं घर गाठलं. दार उघडून तिने मला मिठी मारली, मी पाऊण तासाची कर्मकथा सांगितली, पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याला चार शब्द ऐकवले. सिंधू खाली मान घालून ऐकत होती.

"ते माझे सासरे," ती म्हणाली. "आबा."

दारातला तंटा

तर असं होतं. आबा चार मैलांवरच्या खेड्यात शेतावर राहतात आणि दर मंगळवारी गाडी घेऊन बाजाराला येतात. नानांचं पेठेत बियाण्यांचं दुकान आहे. नाना मेंबर म्हणून बस पेठेत आणायला वर्षभर झटले, आणि बस अडते ती त्यांच्याच दुकानासमोर, त्यांच्याच वडिलांच्या गाडीला. गावाला याहून बरी करमणूक कुठे मिळायची!

पण त्या घरात एक माणूस हसत नव्हतं. नानांची कुसुम, सतरा वर्षांची, रोज सकाळच्या बसने धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात जाते आणि संध्याकाळच्या बसने परत येते. गावातून धुळ्याला शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी. बस दर बाजाराला अडू लागली तेव्हा मोटारखात्याकडून पत्र आलं, की पुढच्या मंगळवारी साहेब स्वतः बसमध्ये बसून येतील. वेशीपासून थांब्यापर्यंत बस दहा मिनिटांत आली तर ठीक, नाहीतर ती गावात यायची बंद होईल आणि बाहेरच्या सडकेने जाईल. सडक दोन मैल लांब, मध्ये नाला, दोन्हीकडे उंच ज्वारी.

"तेवढं चालेन मी," कुसुम मला म्हणाली.

"मी चालू देणार नाही," नाना म्हणाले. गावभर सुधारक म्हणून मिरवणारा माणूस, पण आवाजात वाद घालायला वाव नव्हता. "सकाळी अंधारात, ज्वारीतून, एकटी पोर? बस सडकेला गेली तर कॉलेज बंद, कुसुम."

कुसुमने पुस्तक मिटलं आणि ती परसात निघून गेली. मला तिच्या जागी मीच दिसले. मला ट्रेनिंगला पाठवायचं की नाही यावर आमच्याकडे पंधरा दिवस खल झाला होता. मी त्या क्षणी बसच्या बाजूची झाले आणि निंबाखालच्या पांढऱ्या बैलाशी माझं उघड वैर सुरू झालं.

नानांनी तोड काढली होती. ते एकदा मुंबईला जाऊन आले होते आणि ट्राम पाहून खुळावले होते. "ट्रामला स्वतःचे रूळ असतात, मास्तरीणबाई! रुळांवर कुणी बिऱ्हाड मांडत नाही. आपण बसला रूळ नाही देऊ शकत, पण रेघ देऊ. पेठेच्या मधोमध चुन्याची रेघ. डावीकडे फक्त बस. उजवीकडे गाड्या." उजव्या अंगाला निंब होता आणि बैलांचा पाण्याचा हौद होता. वडिलांची जागा राखून मग रेघ कुठे पडेल हे त्यांनी ठरवलं होतं, हे न सांगता कळत होतं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सभा भरली. मी बायकांत बसून ऐकत होते. कापडदुकानदार म्हणाला, "गिऱ्हाईक गाडीतून उतरतं ते माझ्या पायरीवर. गाड्या मावल्या नाहीत आणि नाल्याजवळ गेल्या, तर लुगडं काय नाल्यात विकू?" मला ते पटलं. मग नाना म्हणाले, "एका बसमध्ये चाळीस माणसं. त्यात बाळंतीण असते, आजारी असतो, टपाल असतं. ती सगळी एका झोपलेल्या माणसासाठी खोळंबतात." मला तेही पटलं. मग आबा उठले.

"मोटार दिनमा कितला डाव येस?"

"चार," नाना म्हणाले.

"चार डावनाकरता आख्खा दिन निम्मी पेठ मोकयी ठेवानी? मनी जागा राहिनी रे, मी मन्हाकरता बोलत नही. मना गावन्या सात गाड्या शेत. त्या नालामा, आनि मोकयी जागा पेठमा!"

सभा हसली आणि काय सांगू, मलाही तेच सगळ्यांत जास्त पटलं. मोकळी जागा पाहून कोकणी माणसाचाही जीव तुटतो. आम्ही तिथे निदान चार पोफळी लावू. तेवढ्यात कुसुम बायकांतून उभी राहिली. सभेत मुलीने बोलायची तिकडे रीत नाही. ती सभेशी बोललीच नाही, फक्त आजोबांशी बोलली.

"आबा, ती मोकयी जागा नही. मना धुयाना रस्ता शे तो."

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि परत डोक्यावर घातलं. "वढ मंग रेघ," ते नानांना म्हणाले. "एक बाजार पाहू."

रेघ

मधले दिवस हुंदडण्यात गेले. पारोळ्याचा किल्ला पाहिला, त्यावरून घसरले, चप्पल तुटली, आणि एका अनोळखी बाईने मला आपली चप्पल देऊन स्वतः अनवाणी घर गाठलं. पत्ता विचारला तर म्हणाली, "कोठे बी टाकी द्या, मियी जाई." ती चप्पल अजून माझ्याकडे आहे.

सोमवारी नानांनी रेघेसाठी दोन गडी बोलावले. त्यांनी ओढलेली रेघ नागमोडी झाली. वीस वर्षं मुलींचे वाकडे टाके उसवण्यात घालवलेली बाई मी, मला राहवेना. "व्हा बाजूला," म्हटलं. मंगळवारी दिवस उगवताच सिंधू आणि मी पेठेत उतरलो. गड्यांनी झाडून सडा मारला. मी वेशीपासून थांब्यापर्यंत सुतळी ताणली, चुना घातलेल्या पिशवीला भोक पाडलं आणि अशी रेघ सोडली की शिवणयंत्राने मान खाली घालावी.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण नुसती रेघ उघडी दिसत होती. मी तिच्या कडेने साखळीचा टाका काढत गेले, चुन्यातच, एकात एक कड्या. सिंधूने दोन्ही टोकांना हळदकुंकू वाहिलं. गाड्या येऊ लागल्या आणि मुकाट उजवीकडे लागल्या. आबांची निंबाखाली, त्यांच्या गावच्या पाच मागे ओळीने. दोन नाल्याकडे गेल्या. डावीकडची निम्मी पेठ झाडलेली, शिंपडलेली, रिकामी. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून माझ्याच कामाकडे पाहत होते आणि आनंदाने फुगले होते.

अकराच्या सुमारास वेशीतून वाजंत्री आली. त्या दिवशी गावात एक लग्न होतं आणि नवरदेवाकडची मंडळी बाहेरगावाहून आली होती. त्यांची पंगत मारुतीच्या अंगणात व्हायची होती, पण त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. आता खानदेशातली एक रीत ऐका. तिकडे लग्नाची पंगत रस्त्यातच बसते. आमच्याकडे रस्त्यात जेवायला बसणं म्हणजे घरच्यांनी हाकलून दिल्याची खूण! तिकडे मात्र रस्ता झाडतात, सडा मारतात, पानांपुढे एक सरळ पांढरी रेघ ओढतात आणि तिच्या कडेने, बायका हौशी असल्या तर, साखळी काढतात.

मंडळींनी पेठ पाहिली. झाडलेली. शिंपडलेली. गाड्या शिस्तीत एका बाजूला. रेघ. साखळी. टोकाला हळदकुंकू. नवरदेवाचे मामा खूष होऊन म्हणाले, "वा! व्यवस्था याले म्हनतस!" आणि रेघेशी मांडी घालून बसले. त्यांच्यामागे दीडदोनशे माणसं, निम्म्या पेठेभर.

मुलीचा बाप धावत आला, समोरचा देखावा पाहून पांढरा पडला, आणि मग परत धावला तो केळीची पानं आणायला. नवरदेवाकडची माणसं बसल्यावर त्यांना "उठा, तिकडे बसा" म्हणायची कुणाची छाती आहे? लग्न मोडेल. बघता बघता पानं पडली, वरण आलं, तुपात भिजलेली बट्टी आली, वांग्याची घोटलेली भाजी आली. आणि वेशीत भोंगा वाजला.

मला हसू आवरेना आणि त्याच वेळी रडू यायला लागलं. दोन्ही एकदम आल्यावर माणूस कसा दिसतो ते सिंधूला विचारा. बस पंगतीच्या शेपटाशी येऊन थांबली. पुढच्या बाकावर टोपी घातलेले साहेब, हातात घड्याळ. नाना हात जोडून मामांपुढे वाकले, "मंडळी, जरा..." मामांनी हातातला घास पानात ठेवला आणि नुसतं पाहिलं. नाना तसेच मागे सरले. कुसुम त्या दिवशी कॉलेजला गेली नव्हती. ती माझ्या शेजारी पायरीवर उभी होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"किती मिनिटं झाली, मावशी?"

"चार असतील," मी म्हटलं. घड्याळ माझ्याजवळ नव्हतंच. "कुसुम, माझी चूक झाली गं. मला साखळी काढायची काय गरज होती!"

ती निंबाकडे पाहत होती. आबा गाडीच्या जुवावर बसून सगळं बघत होते, मिशीत हसत होते. त्यांचीच तर सरशी झाली होती. मग त्यांची नजर नातीकडे गेली. हसणं थांबलं. ते उठून पेठेच्या मध्यावर आले, रेघेपर्यंत. पंगतीकडे पाहिलं, बसकडे पाहिलं.

"जेवाले बठेल मानूस उठाडतस का कोनी?" ते नानांवर ओरडले. "गाड्या उठाडा!"

आणि बैल जुंपायला न थांबता त्यांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. सत्तरीचा माणूस! गाडी हलली. त्यांच्या गावचे पाच जण धावले, मग कापडदुकानदार, मग विडी टाकून हमाल, मग मी. होय, मी! पदर खोचून एका कपाशीच्या गाडीचं चाक ढकललं. कुसुम दुसऱ्या चाकाला होती. कुठली गाडी बोळात गेली, कुठली मारुतीच्या रिकाम्या अंगणात, आबांची सरळ नानांच्या दुकानाच्या ओसरीला भिडली आणि बियाण्यांचं एक पोतं फुटलं. पांढरा बैल माझ्या मागेमागे येत होता, बहुधा केळ्यांच्या आशेने. उजवं अंग मोकळं झालं. ड्रायव्हरने बस रेघेपलीकडे घेतली आणि ती निंबाखालून, हौदाच्या कडेने, पावलापावलाने निघाली. एक वाढप्या तिच्याबरोबर चालत होता. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं, तशी त्याने खिडकीतून त्यांच्या ओंजळीत बट्टी घातली आणि वर तूप ओतलं.

बस थांब्याला लागली. साहेब तुपाचे हात घेऊन उतरले. सगळी पेठ श्वास रोखून उभी. त्यांना घड्याळ काढता येईना, ड्रायव्हरने त्यांच्या खिशातून काढून समोर धरलं.

"अकरा मिनिटं," साहेब म्हणाले.

कुसुमने डोळे मिटले.

साहेबांनी बट्टीचा एक तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. "त्यातलं एक मिनिट त्या वाढप्याने घेतलं," ते म्हणाले. "जेवणाचा वेळ आम्ही प्रवासात धरत नाही."

पेठेत जो गिल्ला झाला तो मामांना आपल्यासाठीच वाटला आणि त्यांनी उठून सगळ्यांना नमस्कार केला. साहेब दुसऱ्या पंगतीला जेवले. मीही जेवले. तिखट थोडं, असं काही मी म्हणाले नाही.

परत निघताना

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. साहेबांनी कागदावर जे पाहिलं तेच लिहिलं: बस उजव्या अंगाने, निंबाखालून जाते आणि वेळेत पोचते. कागद आला तो तसाच. बसची बाजू उजवी, आणि उतारूंना सावली म्हणून थांबाही निंबाखाली. गाड्या डावीकडे, उन्हात. नाना धुळ्याला जाऊन कागद बदलून आणायला निघाले होते. आबांनी त्यांना जाऊ दिलं नाही. "तीन चारदा बदलशी ते मोटार परत सडकवर जाई," एवढंच म्हणाले.

आठ दिवसांसाठी गेलेली मी पंधरा दिवस राहून पुढच्या मंगळवारी निघाले. कुसुम आणि मी एकाच बाकावर. ती धुळ्यापर्यंत, मी तिथून पुढे. बस निंबाखाली उभी होती. बाजाराच्या गाड्या लवकर आल्या होत्या. रेघ पायांनी, खुरांनी पुसून गेली होती, पण उजवीकडे एकही गाडी नव्हती. समोर, डाव्या अंगाला, आबा बैल सोडत होते. तिरपं ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं आणि ते डोळे बारीक करून काम करत होते. बापाच्या वेळची जागा त्या माणसाने माझ्या साखळीपायी घालवली होती. मला राहवलं नाही. मी खाली उतरले, वाटेसाठी घेतलेली केळी पांढऱ्या बैलाला दिली आणि म्हटलं, "आबा, तुमची सावली गेली. माझ्यामुळे गेली."

त्यांनी दावं चाकाशी बांधलं, गाठ ओढून पाहिली. मग पलीकडे निंबाखाली उभ्या असलेल्या बसकडे, खिडकीत पुस्तक उघडून बसलेल्या कुसुमकडे पाहिलं.

"कोठे गयी?" ते म्हणाले. "मनी नात बठेल शे ना तिनामा."